लाल शाईतल्या लढाया

माझी भाची मिहानमधल्या एका कंपनीत परदेशी कर्मचाऱ्यांच्या पगाराचा हिशेब पाहते. तिचे टेबल नागपुरात असले तरी तिची माणसे सँटियागो, लिमा, इस्तंबूल, पॅरिस, ढाका अशी विखुरलेली आहेत, आणि त्यांपैकी कोणाला कोणत्या दिवशी भरपगारी सुट्टी आहे, हे तिला डिसेंबरातच ठाऊक असावे लागते. अशाच एका रविवारी ती आमच्या अंगणात उन्हाकडे पाठ करून बसली होती. एका हाताने संत्र्याच्या फोडी तोंडात टाकत होती आणि दुसऱ्या हाताने पुढच्या वर्षाच्या सुट्ट्यांचा तक्ता खालीवर करत होती. मध्येच थांबून म्हणाली, "मामा, हे चिलीचं पाहा ना. 21 मे, नौदलाच्या गौरवाचा दिवस. गौरव म्हणून मी शोधायला गेले, तर त्या दिवशी त्यांचं जहाज बुडालं होतं आणि कप्तान मेला होता. हरल्याची सुट्टी कोणी देते का?" मी म्हटले, देत असतील बाई, त्यांचा देश आहे. ती हसली आणि पुढच्या देशाकडे वळली. मला मात्र चिलीच्या पुढे सरकता आले नाही.

लढाई इक्विके बंदरासमोरची, 1879 सालची. एस्मेराल्दा हे चिलीचे जुने लाकडी जहाज आणि समोर पेरूचे लोखंडी चिलखत चढवलेले हुआस्कार. निकाल काय लागणार, हे दोन्ही जहाजांवरच्या खलाशांना पहिल्या तासातच दिसले असणार. हुआस्कारने धडक दिली, तेव्हा चिलीचा कप्तान आर्तुरो प्रात, जो शिक्षणाने वकीलही होता, तलवार उपसून शत्रूच्या डेकवर उडी मारून गेला. त्याच्यामागे जेमतेम एखाददुसरा माणूस पोहोचू शकला आणि प्रात तिथेच मारला गेला. एस्मेराल्दा बुडाल्यावर पाण्यात पडलेल्या खलाशांना हुआस्कारचा कप्तान मिगेल ग्राऊ याने वर काढले, आणि नंतर प्रातची तलवार व त्याच्या अंगावरच्या वस्तू एका पत्रासोबत त्याच्या विधवेकडे, कार्मेला कार्वाखालकडे, पाठवून दिल्या. नवऱ्याला मारणाऱ्या जहाजाच्या कप्तानाला तिनेही आभाराचे उत्तर लिहिले. त्याच वर्षी 8 ऑक्टोबरला आंगामोसजवळ चिलीचा तोफगोळा ग्राऊ उभा होता त्या मनोऱ्यावर पडला आणि त्याच्या देहाचे फारसे काही उरले नाही. हुआस्कार चिलीने ताब्यात घेतले. आजही ते चिलीच्याच ताल्काउआनो बंदरात तरंगते संग्रहालय म्हणून उभे आहे. 21 मे ही चिलीत सुट्टी असते आणि 8 ऑक्टोबर ही पेरूत. दोन्ही कप्तान एकाच जहाजावर पडले, आणि दोन्ही देशांनी लाल शाईसाठी निवडली ती आपापल्या पराभवाची तारीख.

ही गोष्ट मला फार आवडली, आणि आवडली म्हणूनच तिच्याकडे जरा संशयाने पाहावेसे वाटले. ते युद्ध वाळवंटातल्या सोऱ्यासाठी होते. चिलीने ते सपशेल जिंकले, 1881 मध्ये लिमा शहर घेतले आणि बोलिव्हियाचा तर समुद्रकिनाराच कायमचा गेला. इक्विकेच्या त्या सकाळीही एस्मेराल्दा बुडाली हे खरे, पण त्याच दिवशी पेरूचे दुसरे चिलखती जहाज पाठलागाच्या भरात खडकावर आदळून निकामी झाले, आणि एकंदर हिशेबात नुकसान पेरूचेच जास्त झाले. म्हणजे चिलीला आपली हार मिरवणे परवडते, कारण शेवटी सगळे त्याच्याच पदरात पडले. पेरूकडे ग्राऊखेरीज मिरवण्याजोगे फारसे काही उरले नव्हते. दोन सुट्ट्या एकसारख्या दिसतात. त्यांच्या मुळाशी असलेली गरज एकसारखी नाही. तरीही भाचीच्या प्रश्नाला मराठी माणसाने हसू नये. उदगीरच्या विजयाची तारीख आपल्यापैकी कितीजणांना सांगता येईल? पानिपतची मात्र शाळा सोडून चाळीस वर्षे झालेला माणूसही झोपेतून उठून सांगेल.

त्यानंतर काही दिवस मला तिच्या तक्त्याचे व्यसनच लागले. ती एकेक तारीख पाठवायची आणि मी तिच्या पलीकडच्या बाजूला कोण उभे आहे, ते शोधत बसायचो. तुर्कस्तानात 30 ऑगस्ट हा विजयाचा सण आहे. 1922 मध्ये दुम्लुपिनारला मुस्तफा केमालच्या सैन्याने ग्रीक फौज मोडली, त्याचा. ग्रीसमध्ये त्याच मोहिमेला आशिया मायनरची आपत्ती म्हणतात, कारण तिच्या पाठोपाठ लाखो माणसे पिढ्यान्‌पिढ्यांची घरे सोडून समुद्र ओलांडून आली. ग्रीसची स्वतःची युद्धाची सुट्टी आहे ती 28 ऑक्टोबरची. 1940 साली त्या पहाटे मुसोलिनीच्या राजदूताने सैन्याला वाट देण्याची मागणी केली, पंतप्रधान मेताक्सासने नकार दिला आणि युद्ध सुरू झाले. जगभर युद्ध संपल्याच्या दिवशी सुट्टी असते, ग्रीसमध्ये सुरू झाल्याच्या दिवशी. विचित्र वाटते, पण जर्मन फौजा 1944 च्या ऑक्टोबरात अथेन्समधून निघून गेल्या आणि डिसेंबरात त्याच रस्त्यांवर ग्रीक ग्रीकांवर गोळ्या झाडत होते, हे कळल्यावर त्या निवडीतले शहाणपण दिसू लागते. नकार द्यायला सगळे एकत्र होते, शेवटाला नव्हते. एकत्र साजरे करायचे तर सुरुवातच सोयीची.

रशियाचा 9 मे आपल्या सर्वांना दूरदर्शनवरून ठाऊक आहे. लाल चौक, रणगाडे, छातीभर पदके लावलेले वृद्ध. जे मला ठाऊक नव्हते, ते असे की युद्ध जिंकल्यावर दोन-तीन वर्षांतच स्टालिनच्या सरकारने ही सुट्टी काढून घेतली. 1948 पासून 9 मे हा कामाचा दिवस झाला आणि सुट्टी परत आली ती 1965 साली, ब्रेझनेव्हच्या काळात. मधल्या त्या वर्षांतच खरे लढलेले लोक तरणेताठे होते. बर्लिनपर्यंत चालत गेलेला, एक हात गमावून आलेला माणूस त्या दिवशी सकाळी नेहमीसारखा डबा घेऊन कारखान्यात हजेरी लावत असणार, आणि संध्याकाळी घरी सोबत्यांबरोबर पेला भरताना त्या युद्धाबद्दल जे बोलत असणार, ते लाल चौकातल्या कुठल्याही भाषणात बसले नसते. सुट्टी आली तेव्हा आठवणींना इस्त्री झालेली होती. आता त्याच दिवसाच्या संचलनातून दुसऱ्याच एका युद्धाला आशीर्वाद दिला जातो, आणि युक्रेनने 2023 मध्ये आपला दिवस उचलून 8 मेवर नेला, म्हणजे निदान तारखेत तरी शेजाऱ्याची संगत नको.

8 मे तरी कुठे निर्मळ आहे? फ्रान्समध्ये दुसऱ्या महायुद्धातल्या विजयाची म्हणून त्या दिवशी सुट्टी असते. जिस्कार देस्तँ या अध्यक्षांनी जर्मनीशी झालेल्या मैत्रीला जपायचे म्हणून 1975 मध्ये त्या दिवसाचा सरकारी सोहळाच बंद केला होता. मित्तराँ आल्यावर 1981 मध्ये सुट्टीसकट तो परत आला. पण 1945 सालच्या त्याच 8 मे रोजी अल्जीरियातल्या सेतीफ गावात विजयाच्या मिरवणुकीत काही जणांनी अल्जीरियाचा झेंडा फडकवला, फ्रेंच पोलिसांनी गोळीबार केला, वसाहतीतल्या गोऱ्यांचेही मुडदे पडले आणि पुढच्या काही आठवड्यांत आसपासच्या गावांमध्ये हजारो अल्जीरियन मारले गेले. फ्रान्ससाठी जर्मनांशी लढलेले अल्जीरियन शिपाई त्याच सुमारास घरी परतत होते. अल्जीरियातही 8 मे पाळतात, अर्थात दुसऱ्या कारणासाठी. आणि इजिप्तचा 6 ऑक्टोबर तर स्वतःवरच उलटला. 1973 साली इजिप्तच्या सैन्याने इस्रायलविरुद्ध सुएझ कालवा ओलांडल्याचा तो दिवस. 1981 च्या संचलनात सलामी स्वीकारत असलेल्या अध्यक्ष सादातना समोरून जाणाऱ्या लष्करी गाडीतून उतरलेल्या सैनिकांनीच गोळ्या घातल्या. सुट्टी अजून आहे.

आपल्याकडे अशी सुट्टी नाही.

26 जानेवारी, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर: आपल्या तीन राष्ट्रीय सुट्ट्यांपैकी एकही रणांगणावरून आलेली नाही. 26 जुलैला कारगिलची आठवण होते, 16 डिसेंबरला 1971 ची, पुष्पचक्रे वाहिली जातात आणि कचेऱ्या चालू राहतात. भाचीच्या तक्त्यात 16 डिसेंबरचा चौकोन ढाक्याच्या रकान्यात लाल होता आणि नागपूरच्या रकान्यात पांढरा. तो पांढरा चौकोन पाहताना मला 1971 मधले नागपूरच्या महाल भागातले आमचे घर आठवले. बाबांनी रेडिओ फळीवरून उचलून खिडकीत ठेवला होता, गल्लीतली माणसे ओट्यावर बसून ऐकत होती, आणि ढाका ही आता एका स्वतंत्र देशाची स्वतंत्र राजधानी आहे, हे इंदिरा गांधींचे लोकसभेतले वाक्य सांगितले गेले तेव्हा समोरच्या काकांनी, जे एरवी इंदिराबाईंचे नाव काढले तरी उखडायचे, घरातली गुळाची अख्खी भेली आणून ओट्यावर फोडली. खडे उडाले, आम्ही पोरांनी ते वेचून खाल्ले. थंडीत गूळ दाताला कडक लागतो, आणि थोडी मातीही आली होती त्यासोबत. त्या दिवसाचा अभिमान मला आजही वाटतो आणि त्यात मला काही लपवायचे नाही. ढाक्याच्या रमणा रेसकोर्सवर पाकिस्तानच्या जनरल नियाझींनी शरणागतीवर सही केली, सुमारे 93,000 जण युद्धकैदी झाले, आणि एका देशाचा जन्म झाला. पण नियाझी ज्यांना शरण आले, ते जनरल अरोरा त्या कागदावर भारत आणि बांगलादेश या दोन्ही सैन्यांचे सेनापती म्हणून होते, ही ओळ आपण सहसा वाचून दाखवत नाही, आणि बांगलादेशातल्या माणसाला नेमके तेच खुपते. त्याच्या नऊ महिन्यांच्या लढ्याला आपण तेरा दिवसांचे भारत-पाक युद्ध म्हणतो. पाकिस्तानात तीच तारीख ढाका पडल्याची, आणि 2014 नंतर पेशावरच्या शाळेत मारल्या गेलेल्या मुलांचीही.

आता आमच्या गावाची गोष्ट. 1817 सालच्या 26 आणि 27 नोव्हेंबरला सीताबर्डीच्या दोन टेकड्यांवर नागपूरचे राजे आप्पासाहेब भोसले यांची फौज आणि ईस्ट इंडिया कंपनीची फौज यांची गाठ पडली. भोसल्यांकडच्या अरबांनी छोटी टेकडी घेतलीही होती, पण ती हातची गेली आणि लढाईही गेली. मग कंपनीची कुमक आली आणि शहराबाहेर, सक्करदऱ्याच्या बाजूला, निर्णायक लढाई झाली. तिची तारीख 16 डिसेंबर 1817. भोसल्यांच्या तोफा गेल्या, राजा इंग्रजांच्या स्वाधीन झाला. अरब मात्र शहरात ठाण मांडून बसले. जुम्मा दरवाजावर, म्हणजे आजच्या गांधी गेटवर, इंग्रजांनी केलेला हल्ला त्यांनी परतवला आणि महिनाअखेरीस अटी ठरवूनच ते बाहेर पडले. आमच्या घरापासून गांधी गेट हाकेच्या अंतरावर आहे. ज्या ओट्यावर आम्ही सोळा डिसेंबरचा गूळ खाल्ला, त्याच गल्ल्यांनी 154 वर्षांपूर्वी सोळा डिसेंबरला आपला राजा हरल्याची बातमी ऐकली होती, आणि शाळेपासून कॉलेजपर्यंत कोणीही मला हे सांगितले नाही.

या दोन तारखा एकमेकींवर ठेवून पाहिल्या, की कोण जिंकले हा प्रश्न जरा अवघड होऊन बसतो. सीताबर्डीच्या टेकडीवर कंपनीच्या बाजूने लढले ते बहुतेक मद्रास आणि बंगालचे शिपाई, म्हणजे आपलेच लोक. भोसल्यांच्या बाजूचे सर्वांत चिवट लढवय्ये अरब, म्हणजे परदेशी. कंपनीने त्या पलटणींना सीताबर्डीच्या नावाचा रणसन्मान दिला, झेंड्यावर ते नाव झळकले. स्वातंत्र्यानंतर भारतीय सैन्याने ठरवले, की देश जिंकून देण्यासाठी देशातल्याच लोकांविरुद्ध मिळवलेले असे सन्मान मिरवायचे नाहीत. मला हा निर्णय फार सभ्य वाटतो. पण त्याच युद्धात, सक्करदऱ्यानंतर जेमतेम पंधरवड्याने, 1 जानेवारी 1818 ला भीमा-कोरेगावला जे महार शिपाई कंपनीकडून लढले, त्यांच्या स्तंभापाशी बाबासाहेब 1927 मध्ये गेले आणि आज नागपूरहून दरवर्षी माणसे भरभरून जातात. पेशवाईत ज्यांना माणूस म्हणून मोजले नाही, त्यांनी त्या दगडावरच्या नावांत आपला विजय का पाहू नये, याचे उत्तर सैन्याच्या निर्णयात नाही, आणि ते तिथे शोधूही नये. सीताबर्डीचा किल्ला आता लष्कराकडे आहे. एरवी बंद असतो, 26 जानेवारी, 1 मे आणि 15 ऑगस्ट या दिवशी लोकांसाठी उघडतो. एका एक मे रोजी मी वर गेलो होतो. चढावर डांबर वितळत होते, तटावरून रेल्वे स्टेशन आणि मेट्रोचा पूल दिसत होता, आणि माझ्यापुढचा लहान मुलगा बाबांना विचारत होता, इथे आपण जिंकलो होतो का? बाबांनी त्याला तोफ दाखवली.

विजयाची सुट्टी आपल्याकडे अजिबात नाही, असे तरी कसे म्हणावे? दसरा आहेच. शस्त्रपूजा, सीमोल्लंघन, आपट्याची पाने, आणि कस्तुरचंद पार्कावरचा रावण. हा विजय इतका जुना, की हरलेल्याकडून कोणी तक्रार करायला येणार नाही, असे मी लहानपणी समजत होतो. पण विदर्भातले अनेक गोंड रावणाला आपला पूर्वज मानतात आणि त्याला जाळू नका, अशी निवेदने दरवर्षी देतात. म्हणजे इथेही पलीकडच्या बाजूला कोणी तरी आहे, आणि तो गडचिरोलीच्या बसने दोन-चार तासांवर राहतो. त्याच दसऱ्याच्या दिवशी दीक्षाभूमीवर जी गर्दी लोटते, ती 14 ऑक्टोबर 1956 ची आठवण घेऊन येते. लढाई जिंकून लढाईचाच वीट आलेल्या अशोकाच्या नावाने ती विजयादशमी ओळखली जाते. कलिंगच्या लढाईत हरलेल्यांच्या बाजूने तो दिवस पाळायचा, तर कसा पाळावा, हे जगातल्या बहुतेक देशांना अजून सुचलेले नाही. आमच्या गावात, एका चौकातून दुसऱ्या चौकात जाताना, एकाच दिवशी शस्त्रांची पूजा आणि शस्त्र टाकल्याची आठवण अशा दोन्ही गोष्टी भेटतात. वाहतूक पोलीस तेवढे वैतागलेले असतात.

आणि 1817 च्या त्या पराभवाची सुट्टीही आम्हाला मिळतेच, तिचे नाव निराळे आहे इतकेच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत, म्हणजे भल्यामोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, निघते आणि जिल्हाधिकारी त्या दिवसाची स्थानिक सुट्टी जाहीर करतात. पिवळी मारबत, काळी मारबत, आणि सोबत त्या वर्षी ज्यांच्यावर लोकांचा राग असेल त्यांचे बडगे, म्हणजे पुतळेच: महागाई, खड्डे, दहशतवादी, पुढारी. इतवारीच्या अरुंद रस्त्यात घामाचा, फटाक्यांच्या धुराचा आणि ओल्या रंगाचा वास एकत्र झालेला असतो, आणि गर्दी ओरडत असते, ईडा पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत! काळी मारबत म्हणजे बाकाबाई, असे इथे सांगतात. दुसऱ्या रघुजींची विधवा. ती इंग्रजांना मिळाली म्हणून गाव पडले, आणि म्हणून गाव तिला दरवर्षी काळी करून गल्लोगल्ली फिरवते आणि जाळते. तोफा, अरब, मद्रासी शिपाई, वेळेवर न झालेले निर्णय, हे सगळे बाजूला राहते आणि एका बाईच्या गळ्यात पराभव बांधून गाव मोकळे होते. नोंदी इतक्या सरळ नाहीत. 1857 मध्ये तिने आपल्या लोकांना उठावापासून दूर ठेवले, हे खरे. पण त्याआधी 1854 मध्ये डलहौसीने राज्य खालसा केले, तेव्हा त्याविरुद्ध हट्टाने झगडली तीही तीच.

एका वर्षी मी इतवारीत एका बांगडीच्या दुकानाच्या पायरीवर उभा राहून हे सगळे पाहत होतो. काळी मारबत समोरून गेली, तिचे भलेमोठे डोळे आमच्या डोक्यांवरून पुढे सरकले, आणि मी दुकानदारीणबाईंना, उगाच काही तरी बोलायचे म्हणून, म्हटले, की बाकाबाई एवढी वाईट नव्हती म्हणतात. त्या बांगड्यांचा पुडा सुतळीने बांधत होत्या. वर न पाहता म्हणाल्या, "राजा तर पळून गेला ना जी जोधपूरले, तो जळाले कसा सापडंल? घरी राहिली ते सापडली." मी त्यांना 1854 ची हकीकत सांगणार होतो. "आता सरका थोडे," त्या म्हणाल्या, "मागं गिऱ्हाईक आहे."